अडलात तर सहा

परीक्षा मंडळाच्या इमारतीला मजले पाच, आणि भांडणं साडेचार मजल्यांवर. गणितवाले अर्ध्या गुणावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात. विज्ञानवाले आकृतीतला बाण कुठे हवा यावरून दोन-दोन दिवस अबोला धरत. तिसऱ्या मजल्याच्या उजव्या अंगाला मात्र, जिथे निबंध तपासले जात, तिथे पंख्यांची घरघर सोडली तर कशाचाही आवाज नसे. बावीस परीक्षक, लांबच लांब टेबलं, प्रत्येकापुढे एक स्क्रीन, आणि दाराजवळच्या खुर्चीत, उंची पुरत नाही म्हणून खाली उशी घेऊन बसलेल्या मोठ्या बाई.

मोठ्या बाई वयानं छप्पन्न. वर्षभर शाळेत भाषा शिकवायची आणि परीक्षेच्या हंगामात दीड महिना मंडळात येऊन निबंध तपासायचे, असं त्यांचं सव्वीस वर्षं चाललं होतं. त्यातली शेवटची चौदा वर्षं त्या मुख्य परीक्षक. आणि या दालनातली शांतता ही त्यांची कमाई होती, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

कमाई कशी, ते सांगायला हवं. प्रत्येक निबंध दोघांनी वाचायचा, एकमेकांचे गुण न बघता. दहापैकी गुण. दोघांमध्ये दोन गुणांपर्यंत फरक असला तर चालतो, सरासरी धरतात. त्याहून जास्त पडला की निबंध तिसऱ्याकडे जातो आणि पहिल्या दोघांच्या टेबलावर पिवळा कागद येतो. त्या कागदावर आपण असे गुण का दिले ते लिहायचं आणि वरच्या मजल्यावर जाऊन सचिवांपुढे उभं राहायचं. इतर केंद्रांत दर हंगामाला शेकड्यांनी पिवळे कागद निघत. मोठ्या बाईंच्या दालनात चार. फार तर पाच. अध्यक्ष येईल त्या पाहुण्याला तिसऱ्या मजल्यावर आणून म्हणत, "ही आमची जुळणी बघा!" आणि मोठ्या बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्या वर्षी हंगामाला तीन आठवडे असताना, परीक्षकांच्या तयारीच्या बैठकीच्या दिवशी, एक तिशीतली बाई खांद्यावर लॅपटॉपची पिशवी अडकवून दालनात आली. विद्यापीठातून आली होती. माणसाच्या डोक्यातलं मोजायचं शास्त्र ती शिकली होती: कोणाला किती येतं, आणि मोजणाऱ्याची फूटपट्टी कितपत सरळ आहे. दालनातले सर्वांत जुने परीक्षक खवचट मास्तर. तोंड असं की स्वतःच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात त्यांनी सत्कारमूर्तीलाही सोडलं नव्हतं. त्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मापाडी?"

"हो, तसंच म्हणा," ती हसून म्हणाली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

मापाडीच्या लॅपटॉपमध्ये होतं भाषेचं यंत्र. आधीच ढीगभर वाचून बसलेलं, आणि आता मंडळाचे पाच वर्षांचे निबंध त्यांच्या गुणांसकट त्याला वाचायला दिलेले. मुलं हल्ली संगणकावरच लिहीत असल्यामुळे अक्षराची अडचण नव्हती. यंत्र निबंध वाचून गुण देणार होतं. खवचट मास्तरांनी त्याचंही बारसं उरकलं.

"घरात नवी आलीय, घरचं वळण शिकतेय, सासूबाई करतील तसंच करणार. सूनबाई म्हणा तिला."

"आणि सासू कोण?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. मोठ्या बाई मनापासून हसल्या. त्यांना राग आला नाही, उलट त्या उठून थेट लॅपटॉपपाशी गेल्या. सगळ्यांना वाटलं होतं की इतक्या जुन्या बाई यंत्राचं नाव काढताच नाक मुरडतील. पण मोठ्या बाईंना लहानपणापासून घड्याळ उघडून बघायची खोड. "आत काय चालतं? ती वाचते म्हणजे नेमकं काय करते? कंटाळते का? जेवणानंतर डुलकी काढते का?" त्यांनी मापाडीला इतके प्रश्न विचारले की तिचा चहा गार झाला. आणि घरी जाताना त्या चक्क बसचा थांबा चुकल्या. सव्वीस वर्षं आपण अंदाजानं, नजरेनं, मनानं करत आलो ते काम कोणीतरी मोजणार, या कल्पनेनंच त्यांना चढल्यासारखं झालं होतं.

आठवड्याभरात निकाल आला. शंभरातल्या एक्याण्णव निबंधांना सूनबाईंनी माणसांइतकेच गुण दिले होते. अगदी तंतोतंत.

अध्यक्ष तीन जिने चढून स्वतः आले. धापा टाकत म्हणाले, "एक्याण्णव! बाई, एक्याण्णव! अहो, परदेशातसुद्धा सत्तरीच्या आसपास घुटमळतात म्हणे. ही तुमची पुण्याई. पुढच्या गुरुवारी समितीची बैठक आहे. यंदा एक माणूस आणि एक सूनबाई, पुढच्या वर्षी सूनबाई एकट्याच. आणि सगळ्या केंद्रांचं हे काम बघायला मुख्य मार्गदर्शक म्हणून मी तुमचं नाव मांडणार आहे. नाही म्हणायचं नाही."

मोठ्या बाई कशाला नाही म्हणतील? आयुष्यभर शाळेत त्यांना उपमुख्याध्यापिकासुद्धा कोणी केलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरी ही बातमी सांगितली तेव्हा लेकीनं टाळी वाजवली आणि त्यांची चप्पल काढून होईपर्यंत आत्या, मावशी आणि दोन्ही मामांना फोन करून टाकले. यजमानांचं घराखालीच शिवणाचं दुकान. ते गळ्यातली टेप तशीच घेऊन वर आले आणि म्हणाले, "मग आता बैठकीला नवीन कोट लागेल. गुरुवारपर्यंत देतो. गिऱ्हाइकांना थांबायला सांगू." गिऱ्हाइकांना थांबायला लावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, पण बायकोला तारीख दिली तेव्हा ते गंभीर होते.

दुसऱ्या दिवशी मापाडी एकटीच दालनात बसली होती. चेहरा पडलेला.

"का गं? तुझ्या सूनबाईनं नाव काढलं आणि तूच अशी?" मोठ्या बाईंनी आल्या आल्या विचारलं.

मापाडीनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. कोणत्या गुणाला किती निबंध, त्याचं चित्र होतं. "बाई, मुलं सगळ्या तऱ्हेची असतात. थोडी कच्ची, थोडी फार हुशार, बरीचशी मधली. त्यामुळे इथे डोंगर दिसायला हवा. हे बघा काय दिसतंय."

डोंगर नव्हता. सहाच्या आकड्यावर एक उंच खांब उभा होता. शंभरातले सत्तर निबंध त्या खांबात. उरलेले पाच आणि सातवर. बाकी सपाट मैदान.

"सूनबाईंचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हे तुमचं. माणसांचं. सूनबाईंचा खांब याहून थोडा उंच आहे, इतकंच."

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. मग खुर्ची ओढून बसल्या. "तिला काहीतरी वाचायला दे बरं. मला बघायचंय."

आणि पुढचे दोन तास त्या दोघींनी जो धुमाकूळ घातला तसा त्या दालनात कधी कोणी घातला नसेल. मापाडीनं गेल्या वर्षीच्या एका निबंधाचे परिच्छेद उलटसुलट केले, शेवट आधी आणि सुरुवात मध्ये. सूनबाई म्हणाल्या, सहा. मोठ्या बाईंनी कपडे धुण्याच्या यंत्राचं माहितीपत्रक शोधून काढलं आणि ते "स्वच्छतेचे महत्त्व" म्हणून दिलं. सहा. एकच वाक्य चाळीस वेळा लिहून दिलं तेव्हा चार मिळाले. "निदान मान तरी हलवली!" मोठ्या बाई ओरडल्या. शेवटी त्यांनी बाह्या सारल्या आणि स्वतः लिहायला बसल्या. विषय, माझे वडील. पाऊण तास मान वर केली नाही. वडील आजारी असताना त्यांची दाढी करायला त्या शिकल्या होत्या. ते सगळं त्यांनी लिहिलं, गालावर पडलेला काप आणि वडिलांनी त्यावर केलेली थट्टासुद्धा. लिहिता लिहिता डोळे भरून आले. मग धाडकन बटण दाबलं.

सहा.

"मला सहा!" मोठ्या बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना टेबलाला धरावं लागलं. मापाडीच्या तर पोटात दुखायला लागलं. "ही सूनबाई कोणाचं वळण शिकलीय गं अशी?" डोळे पुसत बाई म्हणाल्या.

आणि तिथेच त्यांचं हसू थांबलं. कारण उत्तर त्यांना माहीत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या पहिल्या हंगामात एका निबंधाला त्यांनी नऊ दिले होते. जोडीदारानं चार. पिवळा कागद आला. सचिवांपुढे त्यांची जीभ टाळूला चिकटली. निबंध चांगला का आहे ते त्यांना कळत होतं, सांगता येत नव्हतं. "वाचताना रडू आलं म्हणून गुण द्यायचे असतात का?" सचिवांनी चार लोकांत विचारलं. त्या घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नव्हत्या. पुढे मुख्य परीक्षक झाल्यावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी त्या बाजूला घेत आणि हळूच सांगत, "हे बघ, अडलात तर सहा. सहाला कोणी काही विचारत नाही." नवख्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून सांगत. मायेनं सांगत. आणि परीक्षक तर काय, जरा वेगळा निबंध आला की अडतच. साधा, सरळ, पाठ केलेला निबंध वाचताना कोण अडतं? अडायचं ते नेमकं चांगल्यापाशी, नाहीतर अगदी वाईटापाशी. तिथे सगळे मिळून सहा. म्हणून जुळणी. म्हणून चारच पिवळे कागद. म्हणून एक्याण्णव.

त्यांनी हे सगळं मापाडीला सांगितलं. एक शब्दही लपवला नाही.

"गुरुवारी हे मी सांगू शकते," मापाडी हळूच म्हणाली. "पण तुमचा नियम मला आकड्यात दिसत नाही. खांब दिसतो. अध्यक्ष म्हणतील, मुलंच सारखी आहेत. तुम्ही सांगितलंत तर..."

"तर माझं पद गेलं, आणि इभ्रतही."

"हो," मापाडी म्हणाली. ती खोटं बोलायला शिकली नव्हती.

"आणि नाही सांगितलं तर?"

"यंदा अडतीस हजार मुलं आहेत, बाई. आणि सूनबाई दमत नाहीत."

त्या संध्याकाळी दुकानात यजमान कोटाला अस्तर लावत होते. मोठ्या बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. यजमानांनी ऐकता ऐकता चार टाके घातले.

"अगं, आपण ती शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घेतली होती, दोनशे सदऱ्यांची. मापं घ्यायला वेळ नव्हता, म्हणून कारागिरांना म्हटलं, सगळ्यांना मधलं माप धरा. काय सुरेख सदरे झाले होते! एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. ढीग बघून साहेब खूश. मग पोरांनी घातले."

"मग काय केलंत?"

"काय करणार? उसवले."

एवढं बोलून त्यांनी दातानं दोरा तोडला.

आता मोठ्या बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर रात्रभर कूस बदलत पडलं असतं. या बाई चक्क घोरल्या. कारण त्यांच्या डोक्यात भीतीपेक्षा मोठं काहीतरी शिरलं होतं. खांब मोडला तर खाली काय निघेल? सव्वीस वर्षं आपण काय वाचलं आणि काय बोललोच नाही? ते बघायची त्यांना घाई झाली होती.

मंगळवारी त्यांनी जवळ राहणाऱ्या दहा परीक्षकांना बोलावून घेतलं. गेल्या वर्षीचे शंभर निबंध पुन्हा वाचायचे, प्रत्येक निबंध दोघांनी. पिवळा कागद नाही, सचिव नाहीत, आणि सहाचा आसराही नाही. वाटेल ते गुण द्यायचे, फक्त का दिले ते एका ओळीत लिहायचं.

दालनात चुळबुळ झाली. खवचट मास्तर म्हणाले, "मोठ्या बाई, म्हातारपणी आम्हाला पोहायला शिकवू नका. माझ्या कीबोर्डवर आठचा आकडा चालतच नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"मग दोनचा चालतो का बघा," बाई म्हणाल्या आणि पहिला निबंध स्वतःच्या स्क्रीनवर उघडला.

पहिली वीस मिनिटं नुसतं वाचन. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "अहो, हा घराच्या दाराचा निबंध कोणी वाचला? याला गेल्या वर्षी सहा दिलेत? मी तर नऊ देतेय!"

"नऊ? डोकं ठिकाणावर आहे का? तीन! विषय 'माझी आवडती वस्तू' आणि पोरगा लिहितो मला दार आवडत नाही म्हणून!"

"आवडत नाही म्हणता म्हणता किती आवडतं ते दाखवलंय त्यानं! वाचा ना नीट!"

"मला वाचायला शिकवू नका!"

आणि जे सुरू झालं! लोक खुर्च्या सरकवून एकमेकांच्या स्क्रीनपाशी गेले. कोणी मोठ्यानं वाचू लागलं, कोणी मध्येच तोडू लागलं. एक अबोल परीक्षिका, जिचा आवाज नऊ वर्षांत कोणी ऐकला नव्हता, ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "या मुलीचं शेवटचं वाक्य काढून टाका आणि मग मला सांगा!" चौथ्या मजल्यावरचे गणितवाले जिन्यात येऊन उभे राहिले. निबंधवाले भांडताहेत, हे त्यांना बघायचं होतं. मोठ्या बाई मध्ये उभ्या होत्या आणि त्यांना आनंदानं रडू फुटायच्या बेतात होतं. ही माणसं वाचत होती! इतकी वर्षं या सगळ्यांना सगळं कळत होतं!

संध्याकाळी मापाडीनं हिशेब मांडला. दोघांचे गुण तंतोतंत जुळले ते शंभरातले त्रेचाळीस.

"त्रेचाळीस!" खवचट मास्तर म्हणाले. "बुडालो."

पण मापाडी खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचत होती. "नाही हो मास्तर! आता तर दिसायला लागलं! बघा, तुम्ही प्रत्येकाला दीड गुण कमी देता."

"तो माझा स्वभाव आहे."

"असू दे ना! तो स्वभाव सगळीकडे सारखा आहे, म्हणून तो मोजता येतो आणि वजा करता येतो. या बाई एक गुण जास्त देतात, तोही वजा होतो. मग उरतो तो निबंध. पण सगळेच सारखे घाबरले तर ते घाबरणं आकड्यात दिसतच नाही. ते कशातून वजा करू मी?"

तिनं ते शंभर निबंध, नवे गुण आणि ती एका ओळीची कारणं सूनबाईंना वाचायला दिली. बुधवारी तिनं एक नवीन युक्ती केली. एकच निबंध सूनबाईंना दहा वेळा वाचायला लावायचा. दहाही वेळा उत्तर आसपास आलं तर ठीक. पांगलं तर सूनबाईंनी गुण द्यायचेच नाहीत, म्हणायचं, "मला खात्री नाही. माणसानं वाचावा." माहितीपत्रकाला आता दोन मिळाले. मोठ्या बाईंच्या वडिलांवरच्या निबंधापाशी सूनबाई अडल्या आणि त्यांनी तसं सांगितलं. सहा म्हणाल्या नाहीत.

"शहाणी झाली गं ही!" मोठ्या बाई म्हणाल्या.

गुरुवारी त्या नवीन कोट घालून बैठकीला गेल्या. बाही जराशी लांब झाली होती, पण हे त्यांनी यजमानांना मरेपर्यंत सांगितलं नाही. समितीचे नऊ जण. अध्यक्षांनी उभं राहून एक्याण्णवचा आकडा असा उच्चारला, की नातू झाल्याची बातमी असावी. मग म्हणाले, "आणि हे ज्यांच्यामुळे घडलं..."

मोठ्या बाई उठल्या. सव्वीस वर्षांपूर्वीसारखी जीभ चिकटली नाही.

"साहेब, तो आकडा खोटा आहे. म्हणजे मोजलाय बरोबर, पण आम्ही जुळत होतो ते निबंधावर नाही, भीतीवर. अडलात तर सहा द्या, असा नियम मी घातला. चौदा वर्षं प्रत्येक नवीन माणसाला मी शिकवला. यंत्रानं तोच उचलला. त्यात यंत्राची चूक नाही, माझ्या परीक्षकांचीही नाही. मंगळवारी आम्ही न घाबरता तपासलं, तर त्रेचाळीस जुळले."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "बाई, मी हा त्रेचाळीस कोणाला दाखवू? एक्याण्णववरून त्रेचाळीसवर येण्याला लोक प्रगती म्हणतील का?"

"त्रेचाळीस दाखवू नका. निबंध दाखवा," बाई म्हणाल्या, आणि सोबत आणलेला दाराचा निबंध त्यांनी वाचायला घेतला. कोणी थांबवायच्या आत अर्धा वाचून झाला होता. समितीतल्या एकानं "सात" म्हटलं, शेजारच्या बाईंनी "सात? नऊ!" म्हटलं, आणि पाच मिनिटांत तिथेही जुंपली. अध्यक्षांनी दोन वेळा घंटी वाजवली. तिसऱ्यांदा घंटी हातात धरून तेच म्हणाले, "मुलानं पाय लावून दार धरून ठेवलंय, तो भाग परत वाचा बरं."

निर्णय झाले ते असे. सूनबाईंनी यंदा गुण द्यायचे नाहीत, फक्त सगळे निबंध वाचायचे आणि जिथे खात्री नाही ते वेगळे काढायचे. पिवळा कागद बंद; गुण लांब पडले की दोघांनी एकत्र बसून निबंध मोठ्यानं वाचायचा. मार्गदर्शकाचं पद चौथ्या मजल्यावरच्या एका गणितवाल्याला. आणि नियमाला धरून असं की, चुकीची सवय लावणाऱ्या माणसाला मुख्य परीक्षक ठेवता येत नाही. पुढच्या हंगामापासून नव्हे, याच हंगामापासून. मोठ्या बाईंनी मान हलवली. खुर्ची गेली याचं दुःख त्यांना झालं, खूप झालं, जिन्यात एक मिनिट थांबून त्यांनी डोळे पुसले. पण खाली रस्त्यावर आल्यावर त्यांना सडकून भूक लागली होती, आणि पावलं इतकी भरभर पडत होती की मापाडीला मागून जवळजवळ पळावं लागलं.

हंगाम सुरू झाला. मोठ्या बाई लांब टेबलाच्या शेवटी, इतर सगळ्यांसारख्या. "आता काय म्हणायचं तुम्हाला? छोट्या बाई?" खवचट मास्तरांनी विचारून घेतलं. दालनात दिवसभर कोणी ना कोणी मोठ्यानं वाचत असे, कोणी ना कोणी हुज्जत घालत असे, आणि खालच्या मजल्यावरून दोन वेळा आवाज कमी करा असा निरोप येऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी एक निबंध बाजूला काढला. खात्री नाही, माणसानं वाचावा. विषय होता, "मी शिकलेली एक गोष्ट." किमान दोन पानं हवी होती, हा निबंध अर्ध्या पानाचा. यादीप्रमाणे वाचणारे आले मोठ्या बाई आणि खवचट मास्तर. दोघं टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांचे गुण कोणालाच दिसत नव्हते.

एका मुलीनं लिहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी कामावरून फोन आला की बाबा हातानं खूण करायचे आणि मी म्हणायचे, बाबा घरात नाहीत. पहिल्यांदा मला हसू फुटलं आणि बाबा पकडले गेले. मग बाबांनी मला शिकवलं. श्वास घ्यायचा, घाई करायची नाही, आवाज साधा ठेवायचा. आम्ही आरशासमोर सराव केला. मी इतकी तयार झाले की आईसुद्धा एकदा फसली आणि बाबांना शोधायला बाहेर गेली. मागच्या महिन्यात कामावरून फोन आला. त्यांच्याकडे कोणाला अजून कळलं नव्हतं. मी श्वास घेतला. घाई केली नाही. मी म्हटलं, बाबा घरात नाहीत. ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं आणि पहिल्यांदाच मला ते नीट म्हणता आलं नाही.

मोठ्या बाईंनी निबंध एकदा वाचला. परत वाचला. नियमानं लांबी कमी. शेवट म्हणून वेगळा परिच्छेद नाही. त्यांना आपण अडलोय हे कळलं, आणि आकडा टाकताना त्यांनी कारणाच्या ओळीत लिहिलं: वाचताना रडू आलं, आणि ते कुठल्या वाक्याला आणि का, ते मी सांगू शकते.

थोड्या वेळानं पलीकडच्या टोकाला मास्तरांनीही बटण दाबलं. मापाडीनं दोन्ही गुण उघडले. मग तिनं स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला.

दहा. आणि दहा.

दालनात पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. सव्वीस वर्षांत या मजल्यावर हजारो निबंध जुळले होते, आणि मोठ्या बाईंना वाटलं की आज पहिल्यांदा दोन माणसं जुळली. त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. खवचट मास्तर खिशात रुमाल चाचपत होते.

"असे बघताय काय सगळे?" ते म्हणाले. "एक गुण कापणार होतो. कशाचा कापायचा, तेच सापडेना."